हिरोशिमाहून न आलेल्या फोनबाबत

मी, मालन शत्रुघ्न मेस्त्री, वय पासपोर्टाप्रमाणे एकाहत्तर, धंदा घरकाम, मूळ गाव राजापूर तालुक्यात, सध्या मुक्काम इकडे आखातात, हवल्ली येथे, मुलगा अरुण याच्या घरी. मला लिहितावाचता येत नाही. मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून मराठीत सांगते, ते दुभाषी तबस्सुमबाई इथल्या पोलीस अधिकारी युसरा मॅडमना अरबीत सांगतात आणि मराठीतही उतरून घेतात. तबस्सुमबाई चिपळूणकडच्या आहेत, त्यामुळे माझे बोलणे त्यांना कळते. गोड करून सांगू नका, असे मी त्यांना आधीच बजावले आहे.

माझी नात जुईली अरुण मेस्त्री, वय तेवीस, जन्म इथलाच, जपान देशात हिरोशिमा या शहरी फिरायला गेली आहे. परवा दुपारपासून तिचा फोन लागत नाही. ती उतरली होती तिथल्या लोकांनी अरुणला सांगितले, की काल सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. कुठे गेली ते ठाऊक नाही. तिकडच्या पोलिसांनी घरच्यांची तक्रार कागदावर मागितली, म्हणून आम्ही आलो. तिच्याशी शेवटचे बोलणे माझे झाले, म्हणून जबाब माझा.

वर्णन विचारल्यावरून सांगते. अंगाने काटकुळी, रंग बापाचा, नाक माझे. हनुवटीवर टाक्याची खूण; लहानपणी ओट्यावरून उडी मारली होती. केस कापलेले, ते कुणी कापले असे विचारावेसे वाटेल असे. अंगात निळे जाकीट. पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. मराठी सगळी कळते, उत्तर बरेचदा इंग्रजीत देते.

एकट्या मुलीला पाठवले कसे, असे मॅडमनी विचारले. पाठवले नाही, गेली. स्वतःच्या पगारातून गेली, म्हणून हात आखडून राहते. दहा जणांच्या खोलीत वरच्या फळीवर झोपते. लांब जायचे तर रात्रीच्या बसने जाते, म्हणजे त्या रात्रीची खोली वाचते. दुकानातला भाताचा त्रिकोणी गोळा खाऊन दोन्ही वेळा भागवते. मी तिला म्हटले होते, "अशा फळ्या इथे जलीबच्या कामगारवस्तीत पाहिजे तेवढ्या आहेत, आपल्याकडचे सुतार-गवंडी झोपतात त्यांवर. त्यासाठी विमान कशाला गो?" त्यावर ती हसली होती.

कुणी मुलगा आहे का, असेही विचारले. असता तर मी एवढी घाबरले नसते, दोघे असते.

घरात भांडण नव्हते. परवा दुपारी माझ्या भाकऱ्या चालल्या होत्या, तेव्हा तिचा फोन आला. चित्राचा नव्हे, नुसत्या आवाजाचा. तिकडे तेव्हा काळोख पडला होता. बॉम्बमध्ये गेलेल्या माणसांच्या वस्तू ठेवलेल्या जागेतून ती बाहेर आली होती आणि नदीकाठी बसली होती. ती म्हणाली, "आजी, तिथे एक दगडाची पायरी आहे. बँक उघडायची वाट बघत कुणीतरी त्यावर बसलं होतं. माणूस गेला. सावली राहिली."

मी म्हटले, "आणि तू तशीच मला फोन करतेस? मेले, आधी आंघोळ कर."

मॅडमना हे समजले नाही, म्हणून खुलासा करते. आमच्यात मर्तिकाच्या जागेवरून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय कुणाशी बोलायचे नाही, कुणाला शिवायचे नाही. तबस्सुमबाईंनी ते समजावायला बराच वेळ घेतला.

जुईली म्हणाली, "मग मला इथून निघेपर्यंत तुला फोनच करता येणार नाही. हे अख्खं शहरच तसं आहे."

मी म्हटले, "मग नको करू."

हे मी हसत म्हटले. आवाजाच्या फोनवर हसणे पोचते की नाही, ते मला माहीत नाही. ती "ओके, आजी" म्हणाली. ओके ती रागावली तरी म्हणते आणि खूश असली तरी म्हणते. परवाचे कुठले होते ते मी सांगू शकत नाही. तव्यावर भाकरी होती.

अरुण शेजारच्या खुर्चीवर आहे. हे त्याने आत्ता पहिल्यांदा ऐकले.

"आई, काल का नाही सांगितलंस?"

"काल तू विचारलंस कुठे? नुसता फोन घेऊन फेऱ्या मारत होतास."

हे लिहू नका, असे तो म्हणाला. मी म्हटले, लिहा.

माझ्या सांगण्यावरून ती फोन करत नसेल तर बरेच आहे. मग ती कुठेतरी बसून गोळा खात असेल. परंतु अरुणचाही फोन लागत नाही, आणि त्याला करायला मी मनाई केली नव्हती.

तिला युद्धाच्या जागा बघायचे वेड कुठून लागले, असे मॅडमनी विचारले. उत्तर असे, की माझे यजमान कै. शत्रुघ्न इथेच सुतारकामाला होते. इराकचे सैन्य आले तेव्हाही इथेच होते. मी गावी होते. गणपती आले, गेले, यांचा पत्ता नव्हता. नवरात्रात वाळवंटातून, तिसऱ्याच देशातून, दाढी वाढलेले घरी आले. मी अंगणातच पाण्याचा हंडा ठेवला. किती मेलेली माणसे बघून आले होते कोण जाणे. आंघोळ झाली, जेवले. मग मी विचारले, काय काय झाले? म्हणाले, "गेलं ते पाण्याबरोबर." पुढे कधीही बोलले नाहीत. जुईली सुट्टीत गावी आली की त्यांच्यामागे लागायची, "आजोबा, सांगा ना." ते रंधा मारत राहायचे.

ती जायला निघाली तेव्हा मी चिडवले होते, "युद्ध बघायला जपान कशाला? तुझ्या गॅलरीखालच्या रस्त्यावरून रणगाडे गेलेत."

ती म्हणाली, "इथे कुणी सांगत नाही. तिथे म्हातारी माणसं बसून सांगतात. कुणीही विचारलं तरी सांगतात, आजी."

तबस्सुमबाईंनी हे अरबीत सांगितल्यावर युसरा मॅडमनी पेन खाली ठेवले. मॅडम तरुण आहेत, त्या वेळी जन्मल्या नसाव्यात. त्यांनी मला पाणी मागवले आणि स्वतःच प्यायल्या. यजमानांबद्दल पुढे काही विचारले नाही.

माझा कुणावर संशय नाही. मागणे एकच आहे, ते तिकडे जाणाऱ्या कागदात घालावे. मुलगी सापडली तर तिला सांगावे, आजीने आंघोळीची अट काढली आहे. जिथे असेल तिथून, जशी असेल तशी, आधी फोन कर. त्या पायरीचे सगळे सांग, मी ऐकते. असल्या गोष्टी कागदात घालत नाहीत, असे अरुण म्हणाला. युसरा मॅडमनी घातले. मी तबस्सुमबाईंकडून ते दोनदा म्हणवून घेतले.

वरील सर्व मजकूर मला मराठीत ऐकवला. मी बोलले तसाच आहे, एके ठिकाणी रडले असे लिहिले होते ते काढायला लावले. सही येत नाही, म्हणून डाव्या हाताचा अंगठा दिला आहे. शाई पुसायला कागद लवकर द्यावा. माझा फोन याच अंगठ्याने उघडतो.