सुई टोचल्याबिगर डॉक्टर कसला?

घसा धरला की मला साखरा गावच्या जत्रेतलं आमचं नाटक आठवतं बगा. सत्तर-बहात्तरचं साल असंल. मी राजा, आन् नेमका आवाज बेडकाचा. कळमनुरीच्या डॉक्टरला गाठलं.

"विषाणूमुळं घसा सुजलाय. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा, बोलू नका. आपोआप बरा होईल."

"गुळण्या सांगायला घरी माय हाय की! सुई काहून देत न्हाई?"

मी हटूनच बसलो, तवा त्यांनी कुल्ल्यात सुई टोचली. जत्रेपर्यंत घसा मोकळा! गावभर सुईची तारीफ करत फिरलो. मग पेढे घेऊन गेलो. "डॉक्टरसाहेब, काय जालीम औषध व्हतं हो?"

"मिठाचं पाणीच होतं. तुम्ही तोंडात घेईनात, म्हणून मागून दिलं."