सासूबाईंनी धरलेली खुर्ची

नाही, मला एक सांगा, फोन रिकामा करायचा म्हणजे नक्की काय करायचं? कपाट रिकामं करता येतं, डबा रिकामा करता येतो, त्यात काही अवघड नाही... पण आमच्या चेअरमननी लिफ्टशेजारी कागद लावला, "सव्वीस जानेवारीस ई-कचऱ्याची गाडी येईल. जुना मोबाइल देण्यापूर्वी त्यातील खासगी माहिती स्वतः पुसावी. नंतर रडत आल्यास ऐकून घेतले जाणार नाही." आता ही काय बोलायची पद्धत झाली? पण विश्रांतवाडी झाली तरी पुण्यातच आहे, वाचलं आणि गपचूप वर आले. आणि हो, भूत-बित मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून गैरसमज नको.

तर तुम्हाला सांगते, टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला तर आत फोनच फोन. आमचे हे, प्रज्ञेश, एक वस्तू टाकतील तर शपथ. काच फुटलेला फोन आहे, पोट फुगलेला आहे, आणि एक तर असा, ज्याला मागून रबरबँड लावलं की आवाज येतो आणि काढलं की जातो. "अगं, नुसतं सिमकार्ड काढून चालत नाही हां," हे सोफ्यावरून. "आधी फोटो दुसरीकडे घे, मग अकाउंट काढ, मग सेटिंगमध्ये जाऊन सगळं पूस. नाहीतर आपले बँकेचे मेसेज, आधारचे फोटो, सगळं कोणाच्या तरी हातात." मी म्हटलं, तुम्हाला एवढं येतं तर तुम्हीच का नाही करत? तर म्हणतात, "मी सांगतोय ना." असा आमचा संसार. सल्ला यांचा, बोटं माझी.

बरं, यांचे फोन पुसले, माझा पुसला. राहिला सासूबाईंचा.

सासूबाई म्हणजे सुंदराबाई, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. नोव्हेंबरात गेल्या. फोनला कुलूप नाही, आकडा नाही, काही नाही. "लपवण्यासारखं काही केलंच नाही, तर कुलूप कशाला?" असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना माझ्या फोनकडे बघायच्या. आम्ही बौद्ध माणसं, आत्मा वगैरे आमच्यात नाही, आणि सासूबाई तर इतक्या कडक, की शेजारची कोणी म्हणाली ना, "आमच्या सासऱ्यांचा आत्मा घुटमळतोय," तर या तोंडावर सांगायच्या, "घुटमळत नसतो. खिडकी नीट लावत जा." ज्या बाईनं आत्मा नसतो हे पटवण्यात हयात घालवली, त्याच बाईनं... पण थांबा, ओळीनं सांगते.

फोन चार्जिंगला लावला. उजेड पडला. आणि पहिली सूचना काय आली असेल? ते पावलं मोजणारं असतं ना, ते. "आज आपण एकही पाऊल चालला नाहीत. हरकत नाही, उद्या नव्यानं सुरुवात करू." लगेच दुसरी, "तुमच्या आठवणी पाहा," म्हणून आमच्या घराच्या छताचे फोटो, कारण सासूबाईंचा अंगठा नेहमी भलतीकडे. नंबरांच्या यादीत मी कशी, तर "सोनाली सून नवीन". लग्नाला वीस वर्षं झाली, अजून नवीनच. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, भूत-बित मी मानत नाही, पण ही बाई खोलीत आहे.

आणि तेवढ्यात त्या फोननं घरचं वायफाय आपोआप पकडलं, आणि सुर्रर्र करून त्यातून एक मेसेज गेला. आला नाही हो, गेला. सासूबाईंकडून. त्यांच्या टेलिफोन खात्यातल्या मैत्रिणीला, विजयामावशींना, धानोरीला.

काय होता मेसेज? "विजे, मी पोचले. मागच्या रांगेत पंख्याखाली तुझी खुर्ची धरून ठेवलीय. वाट बघतेय. कधी येतेस?"

आता ही भानगड तुम्हाला सांगते. आमच्या विहारात सगळे खाली बसतात, मागे थोड्या प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, गुडघेवाल्यांसाठी. त्यामुळे जी आधी पोचेल तिनं शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून दुसरीची जागा धरायची, हा या दोघींचा रिवाज. त्या रविवारी सासूबाई पोचल्या, रुमाल टाकला, मेसेज लिहिला. पण हॉल तळघरात, तिथे रेंज नाही, मेसेज अडकला. आणि प्रवचन सुरू व्हायच्या आत बसल्या जागी त्यांची मान कलली. सगळे त्यांना घेऊन धावले. शेजारची खुर्ची कोणासाठी धरली होती, हे कोणी विचारलंच नाही. फोनची बॅटरी संपली, फोन ड्रॉवरमध्ये गेला, आणि तो मेसेज आत तसाच बसून राहिला, माझ्या चार्जरची वाट बघत.

मला सांगा, हे मावशींच्या घरच्यांना फोनवर कसं समजावायचं? मी समजावायच्या आधीच तिकडून साईनाथचा फोन. साईनाथ मावशींचा मुलगा. "वहिनी, काय खेळ लावलाय हो? पुढच्या आठवड्यात आईचं ऑपरेशन हाय, छातीतली झडप बदलायचीय, आन् ती म्हणती, आता नको, मला सुंदरेचं बोलावणं आलंय. पिशवी भरली होती दवाखान्याची, ती रिकामी करून बसलीय."

काय अवस्था झाली असेल माझी? मी कचरा काढायला बसले होते हो. आणि डॉक्टर म्हणालेत, झडप बदलली नाही तर उन्हाळा काही दिसत नाही.

तशीच रिक्षा केली आणि गेले धानोरीला. मावशी पलंगावर बसलेल्या, हातात फोन, चेहरा अगदी शांत. तो शांतपणा बघूनच मला भीती वाटली. म्हटलं, मावशी, तो मेसेज त्या दिवशीचा आहे, रेंज नव्हती म्हणून अडकला होता, आज सुटला. तर म्हणतात कशा, "मला शिकवती का गं? हयात गेली माझी टेलिफोनच्या बोर्डावर. ट्रंक कॉल लावला की दिवस दिवस लागायचा न्हाई. उशिरा लागला म्हणून तो कॉल खोटा असतो व्हय? लागला की घ्यायचा."

बोला आता. मग त्याच हळूच म्हणाल्या, "त्या दिशी मी गेलेच न्हाई. दम लागत होता, म्हटलं कुठं जायचं जिने उतरून. अन् ती माझी खुर्ची धरून एकटीच बसलीवती. मला ठावंच न्हाई. शेवटची एकटी बसली गं ती." आणि पदर डोळ्याला. मग डोळे पुसून, "आता बोलावतीय तर जाते. कशाला फाडायची छाती?"

भूत-बित मी मानत नाही. पण त्या खोलीत माझ्यापेक्षा माझ्या सासूचंच जास्त चालत होतं, हे मला कळलं. माझं ऐकणार नव्हत्या, साईनाथचं ऐकणार नव्हत्या. ऐकलं असतं तर एकीचंच. आणि त्या एकीचा फोन तर माझ्याच घरी, सोफ्यावरचे सल्लागार राखण करत होते.

घरी आले, चपला काढल्या नाहीत, फोन घेतला आणि सासूबाई होऊन लिहिलं, "विजे, तुझी खुर्ची गेली. दुसरीनंच रुमाल बाजूला केला आणि बसली. सध्या इथे अजिबात जागा नाही. तू ऑपरेशन करून घे. जागा झाली की मी कळवीन."

हे म्हणाले, "अगं, तू काय करतेयस? हे पाप आहे." मी म्हटलं, आपल्यात कुशल आणि अकुशल असतं, हे कशात बसतं ते तुमच्या आईलाच विचारा, ऑनलाइन आहेत.

उत्तर आलं ना. लगेच आलं. "कोण बसली?"

आता नाव कोणाचं घेऊ? आपलं लिहिलं, "पेन्शन ऑफिसातली ती, जाड काचांच्या चष्म्याची." कोण असेल ती, मला माहीत नाही. पण पेन्शन ऑफिसात कोणीतरी असतेच. मावशींचा मेसेज आला, "मला वाटलंच. तिला पहिल्यापासनं हावरेपणा. बरं, येते मी झडप घालून, मग बघते तिच्याकडं." साईनाथनं संध्याकाळी कळवलं, पिशवी परत भरली.

ऑपरेशन झालं. छान झालं. मावशी घरी आल्या, चालायला लागल्या, पेजेवरून भाकरीवर आल्या. ई-कचऱ्याची गाडी येऊन गेली, आमचे सगळे फोन गेले, रबरबँडवालासुद्धा गेला. सासूबाईंचा मात्र माझ्या उशाशी चार्जिंगला आहे. पुसायचा कसा? रोज सकाळी मावशींचं "शुभ सकाळ" येतं, उत्तर नाही दिलं तर लगेच, "रागावलीस का?" म्हणून मी रोज सासूबाई होते, आणि मग उठून पोळ्या करते. त्यांना खरं कळलंय की नाही, देव जाणे, म्हणजे तोही आम्ही मानत नाही. मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत.

परवा दुपारी मेसेज आला, "सुंदरे, एक विचारू? तुझी सून कशी होती गं तुझ्याशी?"

भाजी करपली. मग लिहिलं, "फार चांगली होती. माझं सगळं केलं तिनं. मी कधी तोंडानं बोलले नाही, एवढंच."

पलीकडे काहीतरी लिहिलं जात होतं, खोडलं जात होतं, पुन्हा लिहिलं जात होतं. शेवटी आलं.

"मेल्यावर बराच सुधारला गं तुझा स्वभाव."

अंगठा पाठवला.