दलपतकाकांनी कादंबरी पुरी केली

जमलेल्या मंडळींनो, जमनाकाकी,

मी सभेत बोलणारी बाई नाही. वसमतला स्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं टाइप करते. आज दलपतकाकांच्या शोकसभेत स्वतःचं बोलायचं, तर शब्द सापडेनात. सांभाळून घ्या.

दलपतकाका तुम्हाला एसटीचे कंडक्टर म्हणून माहीत. रिटायर झाल्यावर ते कादंबरी लिहीत होते, हे कितीजणांना ठाऊक होतं? थोरल्या बहिणीवर लिहीत होते. सोनकी तिचं नाव. तांड्यावर ढोरं तिनं राखली, म्हणून काकांना शाळेत जाता आलं. ते पहिलं प्रकरण.

ते पहिलं प्रकरण मी नऊ वेळा टाइप केलं. नऊ वेळा. दर वेळी काका कागद हिरव्या शाईनं रंगवून आणायचे. "पोरी, हे वाक्य जमून न्हाई राहिलं." कधी बाभूळ ओढ्याच्या अलीकडं यायची, कधी पलीकडं जायची.

दहाव्या वेळी मी कागद हातात घेतलेच नाहीत. मी म्हणाले, "काका, आधी शेवटापर्यंत लिहा. कच्चं लिहा, चुकीचं लिहा. दुरुस्ती मागून करू."

"पाया कच्चा ठिवून भिंत कशी चढवू?"

"मग भिंत कधी चढवणार?"

काकांनी कागदांची घडी घातली. मग म्हणाले, "शेवट मला माहीत हाय. म्हणून तर तिकडं जाईना मी."

आणि त्यांनी सांगितलं. काका ड्युटीवर होते. शिरड शहापूरला सोनकी गाठोडं घेऊन त्यांच्या गाडीत चढली. "दलपत, मला घरी ने. सासरी लई तकलीफ हाय." काकांनी तिला वसमतला उतरवलं आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. लोक काय म्हणतील, म्हणून. ती पुन्हा कधी आली नाही. सात वर्षांनी गेली.

मी चहा मागवला. तो तसाच निवला.

त्यानंतर तीन महिने काका दुकानाकडं फिरकले नाहीत. मला वाटलं, मी उगीच बोलले. मग एका सकाळी आले, हातात तीन वह्या. पाचव्या प्रकरणात मेलेला बैल नवव्यात औताला जुंपलेला होता. "चुका लई हायेत," काका म्हणाले, "पण पुरं झालं."

"आता दुरुस्ती?"

"आधी वसंतीला वाचू दे."

वसंती म्हणजे सोनकीची मुलगी. ती इथं समोर बसली आहे. तिनं माझ्या दुकानात बसून शेवटचं प्रकरण वाचलं. काका दाराकडं बघत होते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, तुमी लिवलंय, माय एकटी आली व्हती."

"व्हय."

"एकटी न्हवती. मी कडंवर व्हते."

मंडळी, काकांना ते लेकरू आठवतच नव्हतं. "काहून इसरलो मी?" त्यांनी विचारलं. वसंतीनं वही त्यांच्यापुढं सरकवली. मग त्यांनी माझ्याच टेबलावर ते पान नव्यानं लिहिलं. माय घरी काय काय सांगायची, ते वसंती शेजारी बसून सांगत गेली. काकांनी स्वतःला कुठंही झाकलं नाही. पान वाचून वसंती एवढंच म्हणाली, "आता बराबर हाय, मामा."

तेवढी एकच दुरुस्ती झाली. बाकीच्या करायला काका राहिले नाहीत. वह्या आता जमनाकाकींनी माझ्याकडं दिल्यात. बाभूळ, बैल, मी सारखं करून घेईन. त्या पानाला मात्र हात लावणार नाही.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभं राहू या. काकांसाठी. आणि लेकरू कडेवर घेऊन माहेरी निघालेल्या त्यांच्या बहिणीसाठीही.