मंजुरीच्या प्रतीक्षेत चौदा

...आणि वर मलाच विचारतात, "ताई, ब्लॉग बंद केलात का?" अहो, बंद कुठे केलाय, चालू आहे, धडधडीत चालू आहे, फक्त मी त्याच्या वाटेला जात नाही! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं झाली मला या वाचनालयात, देवघेवीच्या टेबलावर बसते, शाळेपलीकडे शिकले नाही, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात कितव्या फळीवर, हे डोळे मिटून सांगेन, आणि एवढ्या वर्षांत एका वाचकाचं वाईट केलं नाही हो मी... एकाचंही नाही. ते करायला ब्लॉग यावा लागला.

झालं काय, आमच्या ग्रंथपाल सरांना वरून पत्र आलं, की सर्व कर्मचाऱ्यांनी नवीन साधनं शिकून घ्यावीत. सर्व म्हणजे कोण? सर, मी आणि आमचे बाइंडर! बाइंडर म्हणजे फाटकी पुस्तकं शिवणारे, बोटांना कायम खळ, त्यांनी पहिल्याच दिवशी माऊस धरला तो हाताला चिकटूनच बसला! शिकवायला आलेल्या बाई मोठ्या हसऱ्या, पण बोलायच्या वाऱ्यासारख्या, "हे असं लिहायचं, इथे क्लिक, इथे पोस्ट, झालं, सोप्पंय की नाही?" सोप्पं! त्या गेल्यावर आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो, आता तोच काहीतरी बोलेल म्हणून. मग बाइंडर म्हणाले, "ताई, याचं पान कसं उलटायचं?" मी म्हटलं, उलटायचं नाही, खाली सरकवायचं. तर म्हणतात, "मग अजून किती राहिलंय ते बोटांना कळणार कसं?" बरोबरच होतं त्यांचं.

पण मी शिकले हं. पहिली पोस्ट लिहायला तीन दिवस लागले, 'नवीन आलेली पुस्तके'. सर म्हणाले, "एखादं फुलाचं चित्र टाका, उठाव येतो." टाकलं! ते एवढं अवाढव्य झालं की पुस्तकांची यादी गाठायला देठ धरून खाली उतरावं लागायचं. असो. यादीच्या खाली वाचकांनी प्रतिक्रिया लिहायची सोय होती, आणि त्या बाई म्हणाल्या होत्या, "प्रतिक्रिया आधी तुमच्याकडे येतील, तुम्ही मंजूर केल्या की मगच दिसतील." मी विचारलं, कधी करायच्या? तर म्हणाल्या, "तुमच्या सोयीने."

आमच्या सोयीने! अहो, आमच्याकडे पद्धत आहे ना. दाराशी सूचनापेटी टांगलीय, लाकडी, कुलूपवाली, ती महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उघडायची, दोन साक्षीदारांसमोर, मधेआधे हात लावायचा नाही. का, तर पूर्वी एका कर्मचाऱ्याने स्वतःविरुद्धच्या तक्रारीच्या चिठ्ठ्या गुपचूप फाडल्या होत्या! तेव्हापासून पद्धत. आणि त्या पेटीत निघतं काय? 'पंखा बदला.' बदलला, तर पुढच्या महिन्यात, 'नवा पंखा आवाज करतो, जुना बरा होता.' त्यामुळे संगणकावर 'मंजुरीच्या प्रतीक्षेत एक' असं आलं, तेव्हा मी म्हटलं, आली पेटीत चिठ्ठी. दोन झाल्या, पाच झाल्या, मला आपला आनंद, पेटी भरतेय! आत काय आहे ते बघायला एक बोट दाबायचं होतं हो. एकच. पण नाही दाबलं. पद्धत म्हणजे पद्धत.

आता आमचे घड्याळवाले काका. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, एका डोळ्याला भिंग लावून लावून तो डोळा संपला, उरलेल्या डोळ्यावर वाचायचे. रोज चारला यायचे आणि आल्याबरोबर, "ताई, तुमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे, आणि माझं पुस्तक एक दिवस उशिरा आलं की तुम्ही डोळे वटारणार?" त्यांनी ती तीन भागांची जाडजूड कादंबरी लावली होती, दीपगृहाचा रखवालदार आणि त्याची बायको. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती भांडून होडीत बसून निघून जाते आणि तो दिवा लावून वाट बघत बसतो. तिसरा भाग दुसऱ्या वाचकाकडे गेलेला, काकांचा नंबर पहिला. त्यात काकांचा उरलेला डोळाही दुखायला लागला, डॉक्टर म्हणाले उद्यापासून घराबाहेर पडायचं नाही. तर मीच, मीच हो, त्यांना इथल्या संगणकावर बसवून शिकवलं, "काका, घरी सुनेकडे टॅबलेट आहे ना? मग येण्याची तसदी घेऊ नका. इथे यादीखाली लिहायचं, इथे दाबायचं, मी उत्तर देईन." त्यांनी दोनदा लिहून, पुसून बघितलं, खूश झाले, "म्हणजे आता लायब्ररी माझ्या घरी!"

तिसरा भाग पाच तारखेला परत आला. मी त्यात काकांच्या नावाची चिठ्ठी घातली आणि राखीव कपाटात ठेवला. पद्धत आहे, वाचक येईपर्यंत राखून ठेवायचं. रोज कपाट उघडलं की दिसायचा, आणि मी म्हणायची, काकांनी सुनेला कसं पाठवलं नाही अजून? म्हणजे बघा, वाट मी पण बघत होते!

शेवटचा शनिवार आला. सर आणि बाइंडर दोघांना साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं आणि उघडली एकदाची पेटी. चौदा. चौदाच्या चौदा काकांच्या.

पहिली सहा तारखेची. 'ताई, नमस्कार. जमलं बघा लिहायला. तिसरा भाग आला का?' मग, 'आला नसेल तर तसं लिहा. सतरा तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर खात्री देत नाहीत. त्याआधी वाचून होईल.' मग, 'कामाची गर्दी असेल, सावकाश लिहा.' मग, 'पुस्तक नाही तर नाही, तुम्हाला माहीत असेल तर एका शब्दात सांगा, ती परत येते का?' काही दिवशी सकाळी एक, संध्याकाळी एक. नवव्या चिठ्ठीत एवढंच, 'माझी आली नाही. ही तरी येते का?' सर खिडकीबाहेर बघायला लागले. बावीस वर्षं त्या माणसाला पुस्तकं दिली, पण घरातून असं कुणी निघून गेलंय हे मला कुठे माहीत होतं? आणि चौदावी, सोळा तारखेची... 'ताई, माझं काही चुकलं का?'

बाइंडर म्हणाले, "ताई, आज सत्तावीस तारीख."

मी तिसरा भाग पिशवीत घातला आणि निघाले. बसमध्ये म्हटलं, निदान शेवट तरी बघून ठेवू. अहो, शेवट कसला, बाविसाव्या पानावरच त्या बाईची होडी बुडते! पुढची तीनशे पानं तो रखवालदार एकटाच समुद्राशी बोलतोय! मिटलं पुस्तक.

सुनेने दार उघडलं. हळूच म्हणाली, "नाही झालं यशस्वी. उजेड-अंधार तेवढा कळतो." मग म्हणाली, "मी म्हणत होते, लायब्ररीत जाऊन विचारून येते. तर म्हणायचे, नको, ताईंनी सांगितलंय ना, उत्तर येईल." तुम्हाला सांगते, तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका खुर्चीत बसले होते, मान माझ्या पावलांच्या आवाजाकडे. म्हणाले, "कोण, लायब्ररीवाल्या ताई? या. घड्याळ पार बंदच पडलं वाटतं तुमचं!" मी पेटीचं सांगितलं, शनिवारचं सांगितलं, साक्षीदारांचं सांगितलं, सगळं रडत रडत सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही रागावला नव्हता?" मी म्हटलं, नाही हो काका. "मग झालं तर," म्हणाले, आणि जरा पुढे वाकले. "आता सांगा. येते का ती?"

काय सांगायचं मी? तुम्ही काय सांगितलं असतं? मी म्हटलं, "येते."

"मला वाटलंच होतं!" म्हणाले, आणि असे हसले, असे हसले... म्हटलं चला, एक खोटं बोलून निभावलं. तर म्हणतात, "मग वाचा."

"काय वाचू?"

"तिसरा भाग! आता वेळच वेळ आहे मला. पहिल्या पानापासून वाचा, काही गाळू नका."

एकवीस पानं सरळ वाचली. बाविसावं आलं. समोर छापलंय, होडी उलटली. आणि मी वाचतेय, "होडी... होडी जराशी कलंडली, पण ती बाई होती खंबीर, तिने वल्हं घट्ट धरलं..." सून मागून पुस्तकात डोकावली, माझ्याकडे बघितलं, आणि आत निघून गेली.

तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी जाते. ती बाई बंदराला लागली, तिथे शिवणकाम करतेय, नवऱ्याला पत्रं लिहितेय, आता परतायचं तर होडीवाला आजारी पाडलाय मी, कारण ती इतक्यात पोहोचली तर उरलेल्या पानांचं काय करू? अहो, मी साध्या नोटिशीतही तीन चुका करणारी बाई! भांडी घासताना पुढचं पान जुळवते, बसमध्ये घोकते, आणि तिथे बसून पानं उलटत राहते, म्हणजे आवाज तरी बरोबर यावा.

परवा तासभर वाचलं. मग काका माझा हात थोपटून म्हणाले, "ताई, तुम्ही वाचता छान, तुमचा काही दोष नाही. पण खरं सांगू का? तिसऱ्या भागात हा लेखक पार ढेपाळलाय हो!"

मी म्हटलं, "हो काका. मलाही तसंच वाटतंय."