वडगावचा चांदीचा रुपया

रंगीत नाणं समोर आलं तरी मी पटकन हात का घालत नाही, विचारलंस ना? ऐक मग. दिवाळीनंतर पेठ वडगावचा एक तरुण शाहूपुरीत माझ्या जुन्या नाण्यांच्या दुकानात आला. त्यानं पुढ्यात जुना चांदीचा रुपया ठेवला. निळा, जांभळा, मोरपिसासारखा चमकत होता.

मी भिंगातून पाहिलं. वर्षानुवर्षं पडून चढलेला रंग कडेकडून आत येताना हळूहळू फिका होत जातो. हा सगळीकडं सारखाच होता, आणि नाण्याला गंधकाचा वास येत होता, म्हणजे रंग मुद्दाम चढवलेला.

"पावणं, ह्यो रंग कुणी दिला?"

तो गडबडला. "मीच की. मोबाइलवर बघून. वडलांचा हुता, नुसता काळपट. म्हटलं, असा कोण घेणार?"

"आरं, त्यो काळपट रंगच खरा हुता. मी तसाच घेतला असता."

त्याचा चेहरा पडला. "घरात अजून एक हाय. त्याला हात लावलेला न्हाय," म्हणत त्यानं आईला फोन लावला. "आई, दुसरा रुपया काढून ठेव गं. हितं चांगलं गिऱ्हाईक हाय."

फोन स्पीकरवर होता.  ती म्हणाली, "तुझा बा मरस्तवर ते दोन रुपये कापडात गुंडाळून ठेवायचा. दर दसऱ्याला काढून नुसतं हातात धरायचा. एकावरनं तू त्याचा हात पुसलास. दुसरा मी न्हाय द्यायची."

मला तो रुपया फार हवा होता. तरी फोनजवळ वाकून म्हणालो, "वहिनी, नका देऊ."