नलूची पट्टी, माझी स्लाइड

आम्ही उज्जैनचेच, खापरपणजोबा दरबारात कारकून होते म्हणतात, मी इथल्याच माधव नगरात वाढलेली, आणि नलू म्हणजे माझी चुलत बहीण, चार महिन्यांनी लहान, शेजारच्याच गल्लीतली. बीएस्सी दोघींनी बरोबर केलं आणि काय सांगू तुम्हाला, नंबर माझा वर होता. पण बाबा म्हणाले पोरीला लांब पाठवायचं नाही, बस. काका म्हणाले जा. ती पुण्याला गेली, मेंदूत चढणाऱ्या मलेरियावर डॉक्टरेट केली, आणि मी इथे सरकारी दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या स्लाइडी बघत बसले.

जळायचे मी, खोटं कशाला बोलू. ती दिवाळीला आली की माझी आईच म्हणायची, नलूसाठी टावर चौकातून कचोरी आण गं, आणि मी जायचे पण.

मग ते सगळं नवीन नवीन येऊन राहिलं होतं ना, घरोघरी केबल, रंगीत टीव्ही, तेव्हा नलू स्वतः बनवलेली पट्टी घेऊन आमच्याच दवाखान्यात आली. बोटाचं रक्त लावायचं, दोन रेघा आल्या तर मलेरिया. पण पट्टी खरी की खोटी ते माझ्या स्लाइडवरून ठरणार. शंभर फील्ड, म्हणजे काचेवरच्या शंभर वेगळ्या जागा, बघितल्याशिवाय मी निगेटिव्ह लिहीत नसे, पूरा दवाखाना मानायचा. रोज मनात म्हणायचे, महाकाला, एकदा तरी हिची पट्टी चुकव.

एक गरोदर बाई आली, तापात बडबडत होती. पट्टीवर दोन रेघा, माझी शंभर फील्ड साफ. मी खुशीत निगेटिव्ह लिहिलं. नलू म्हणाली, सुधाताई, अजून बघ ना, हे किडे आत मेंदूत, वारेत दडून बसतात, बोटाच्या रक्तात एखादाच सापडतो. मी म्हटलं, बघितलं मी. डॉक्टर क्विनीनची सुई घेऊन माझ्या कागदासाठी थांबलेले. बाईची सासू माझ्याकडे बघून राहिली होती. मग लावला परत डोळा. एकशे चाळिसाव्या फील्डमध्ये दिसला, एकच, अंगठीसारखा. स्लाइड पुसली असती तर कोणाला कळलं असतं? पण मीच ओरडले, साहेब, सुई लावा.

बाई वाचली. नलूचं नाव झालं, पेपरात फोटो आला, आईने तो कापून ठेवला.

परवा काकूंना, म्हणजे नलूच्या आईला, ताप भरला. नलूचीच पट्टी लावली, एकच रेघ आली, म्हणजे काही नाही. तरी पुण्याहून नलूचा फोन, रडवेली, ताई, तू एकदा स्लाइड बघ, तू सांगितलंस तरच मी मानीन.

दोनशे फील्ड बघितली हो. साफ होती. जळते मी अजून, पण सुखी राहो माझी नलू.