बटण खाली पडतंय

(काका काचेच्या खोलीत, पुतणी बाहेरच्या टेबलाशी. मधलं दार उघडं.)

काका : बटण खाली पडलं.
पुतणी : तुमचा चहा निवला.
काका : किंमत गादीवर चढून बसलीय.
पुतणी : पंख्याचा आवाज वाढलाय.
काका : पंख्याचं सोड! गादीवाल्याला आज त्याच्या वेबसाइटचं पान दाखवायचंय. ‘मागणी नोंदवा’ हेच दिसत नसेल तर तो गाद्या काय मला विकणार?
पुतणी : माझ्याकडे तिन्ही ब्राउझरमध्ये नीट दिसतंय.
काका : माझ्याकडे नाही.
पुतणी : तुमच्याकडे बसवलं की बाकीचे दोन फाटतात. आठवडा झाला, इकडून ओढलं की तिकडे उघडं.
काका : अर्धवट टाकून जाणं आपल्या घरात नाही हं. तिन्हीकडे सारखं दिसलं की सुटलीस.
पुतणी : नव्या ऑफिसात आज सकाळीच रुजू व्हायचं होतं, काका.
काका : म्हणून तर म्हणतो, हात चालव.
पुतणी : मी आत येते. सरका.
काका : लांबूनच सांग ना. माझ्या मशीनला हात लावलेला मला—
पुतणी : काका.
काका : काय?
पुतणी : झूम दीडशेवर आहे.
काका : बोट लागलं असेल.
पुतणी : हे बघा, शंभरवर आणलं. बटण जागेवर. किंमत जागेवर. आता वाचा.
काका : काय वाचू?
पुतणी : बटणावर काय लिहिलंय ते.
काका : ‘मागणी नोंदवा’.
पुतणी : ते मी सकाळी बदललं. कधीपासून दिसत नाही?
काका : दिवाळखोर झाल्यासारखं तोंड नको करूस. थोडं धूसर दिसतं, एवढंच.
पुतणी : आणि मी आठवडाभर धड पान मोडत बसले!
काका : सांगितलं असतं तर तू गेलीच नसतीस.
पुतणी : न सांगता तरी कुठे जाऊ दिलंत?
काका : ...चुकलं माझं. ऊठ, पर्स घे. गादीवाल्याचं मी बघतो.
पुतणी : बघता?
काका : निभावतो म्हण. ऊठ ना गं. तुझ्या नव्या ऑफिसाचा नंबर लावून दे, मीच बोलतो. म्हणतो, पोरीची चूक नाही, काकानं अडवली.
पुतणी : नको.
काका : का? माझं ऐकतील ते.
पुतणी : त्यांनी सकाळीच दुसऱ्या मुलीला घेतलं.